गोबरगॅसलाही अजीर्ण होतं

ताईच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवामागं दोन मोठी पातेली भात आणि एक भगुलं जिलेबीचा पाक उरला होता. उन्हाळ्याचे दिवस, त्यात रात्र गेलेली, म्हणून भाताला आंबूस वास सुटला होता. कुणीतरी म्हणालं, म्हशींना घाला. वडील गोठ्यातूनच ओरडले, "एक घास घालायचा नाही. पोट फुगून जनावर जाईल." मग एवढं अन्न टाकायचं कुठं? परड्यात गोबरगॅस होताच. आम्ही भावंडांनी तो सगळा भात पाकासकट बादल्यांत कालवला आणि टाकीत सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी टाकीवरचा, गॅस साठेल तसा वर उचलला जाणारा ड्रम पूर्वी कधी नव्हता इतका वर आलेला. आईनं चहासाठी शेगडीची कळ फिरवली, काडी ओढली, तर काडीच विझली. पुन्हा ओढली, पुन्हा विझली. गॅस भरपूर होता, फुसफुस आवाजही येत होता, पण जाळ काही धरेना. संध्याकाळपर्यंत बाहेर पडणाऱ्या शेणकाल्याचा वास बदलला. रोजच्या मातकट वासाच्या जागी ताक फार दिवस राहिल्यावर येतो तसा उग्र आंबट वास. पुढचे तीन आठवडे स्वयंपाक चुलीवर आणि सिलिंडरवर झाला.

वडिलांनी म्हशीला ज्या आजारातून वाचवलं, नेमका तोच आम्ही गोबरगॅसला दिला होता. गोबरगॅस समजून घ्यायचा तर इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. कारण ती टाकी यंत्रापेक्षा जनावराच्या पोटाला फार जवळची आहे.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या मोठ्या पोटात हवा नसते, ऊब असते आणि अब्जावधी सूक्ष्मजीव असतात. गवतातला जो भाग आपल्याला पचत नाही तो हे जीव कुजवतात. त्यात मिथेन नावाचा वायू तयार होतो आणि गाय तो ढेकर देऊन बाहेर टाकते. शेणाबरोबर यातले काही जीव बाहेर येतात. आपण शेण पाण्यात कालवून बंद टाकीत भरलं की त्यांना ओळखीचं घर मिळतं: अंधार, ओल, ऊब आणि हवेचा मज्जाव. म्हणून शेणाच्या टाकीला वेगळं विरजण लागत नाही. नुसत्या भाजीपाल्याच्या कचऱ्यावर टाकी सुरू करायची म्हटली तरी आधी शेणाचंच विरजण घालावं लागतं, ते याच कारणानं.

टाकीत काम करणाऱ्या जीवांच्या अनेक टोळ्या आहेत. शास्त्रज्ञ कामाचे चार टप्पे करतात. शेतकऱ्याला दोन लक्षात ठेवले तरी पुरतात. पहिली टोळी मोठे घटक फोडून त्यांची आम्लं बनवते. दुधाचं दही करणाऱ्यांच्या जातकुळीतले हे जीव. चपळ, काटक, काही तासांत दुपटीनं वाढणारे. दुसरी टोळी ती आम्लं आणि सोबत तयार होणारा हायड्रोजन खाऊन मिथेन बनवते. ही टोळी संथ आहे. तिला दुप्पट व्हायला कित्येक दिवस लागतात, हवा लागली की ती मरते आणि आंबटपणा तिला सोसत नाही. आपल्याला जाळ मिळतो तो या दुसऱ्या टोळीमुळं.

रोजचं शेण घालत असतो तेव्हा दोघींची चाल जुळलेली असते. पहिली जेवढं आम्ल करते तेवढं दुसरी संपवते, आणि टाकीतल्या काल्याचा सामू, म्हणजे आंबटपणा मोजायचं माप (पीएच; आकडा जेवढा खाली तेवढा आंबटपणा जास्त), सात ते साडेसातच्या दरम्यान राहतो. भात आणि साखरेचा पाक म्हणजे पहिल्या टोळीला आयतं पक्वान्न. शेणातला चोथा फोडायला तिला दिवसचे दिवस लागतात, भाताला काही तास पुरतात. आम्लाचा लोंढा आला, सामू साडेसहाच्या खाली घसरला, दुसरी टोळी थंडावली. ती थंडावली म्हणून आम्ल आणखी साचलं, आम्ल साचलं म्हणून ती आणखी थंडावली. या सगळ्या गडबडीत पहिली टोळी भरपूर कार्बन डायऑक्साइड सोडते. आमचा ड्रम वर आला होता तो त्यानं. हा वायू जळत तर नाहीच, उलट काडी विझवतो.

म्हशीच्या पोटातही हेच होतं. जास्त धान्य किंवा शिळा भात खाल्ला की पोटात आम्ल साचतं, पोट फुगतं, जनावर आडवं होतं. जनावरांचे डॉक्टर अशा वेळी खाण्याचा सोडा पाजायला सांगतात. टाकीलाही तोच उपाय चालतो: सोडा, नाहीतर चुन्याची निवळी, थोडी थोडी. पण खरं औषध म्हणजे लंघन. आम्ही शेण घालणं पूर्ण थांबवलं. आठवड्यानं शेजारच्या वस्तीवरच्या चालू गोबरगॅसमधून चार बादल्या काला आणून आत घातला, म्हणजे दुसऱ्या टोळीची नवी माणसं कामाला लावली. मग रोज एक पाटी शेण, चार दिवसांनी दोन, असं करत पूर्वपदावर आलो. एकविसाव्या दिवशी निळा जाळ धरला.

मग शेणाखेरीज टाकीत दुसरं काही घालूच नये का? घालावं, आणि मिश्र शेती असेल तर जरूर घालावं. गाईनं एकदा पचवून जे उरलं ते शेण, म्हणजे त्यातला बराच कस जनावरानं आधीच काढून घेतलेला असतो. उलट शिळी भाकरी, खराब पीठ, आंब्याच्या कोयी, पेंड यांत तो शाबूत असतो. पुण्याच्या 'आरती' या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी हेच सूत्र धरून स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र बनवलं. त्या कामाला २००६ साली ब्रिटनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. त्यांच्या संयंत्राला रोज लागणारं खाद्य किलो-दोन किलोंतच असतं. आमची चूक भात घालण्यात नव्हती. जी टाकी वर्षानुवर्षं फक्त शेणावर होती तिला एका दिवसात तीस-चाळीस किलो भात पाजला, ही चूक होती. रोज अर्धा किलो घातला असता तर महिन्याभरात टाकीला त्याची सवय झाली असती आणि गॅसही वाढला असता. नवी वैरण सुरू करताना आपण जनावराला आधी थोडी मिसळून देतो ना, तेच.

कोंबडीच्या विष्ठेचा नियम वेगळा. आंबटपणाच्या उलट तिथं नत्राचा (नायट्रोजनचा) धोका असतो. सूक्ष्मजीवांना नत्राच्या एका भागामागं कर्बाचे (कार्बनचे) वीस ते तीस भाग लागतात, आणि गाईच्या शेणात हे प्रमाण जवळपास तेवढंच, पंचविसाच्या आसपास असतं. कोंबडीच्या विष्ठेत मात्र एकास दहाच्या आसपास. फार घातली की टाकीत अमोनिया साचतो आणि मिथेन करणारी टोळी त्यानं गुदमरते. शेणात थोडी मिसळून घातली तर गॅस चांगला येतो. फक्त कोंबड्यांखालचं तूस आधी चाळून काढावं लागतं, कारण ते टाकीत तरंगतं. कोंबड्यांना किंवा गुरांना प्रतिजैविकाची औषधं चालू असतील तर त्या दिवसांतली विष्ठा-शेण टाकीत घालू नये. जी औषधं जनावरातले जंतू मारतात ती आपल्या टोळ्यांनाही सोडत नाहीत. गोठा फिनेल टाकून धुतला तर ते पाणीही टाकीकडं जाता कामा नये.

उसाचं पाचट, कडबा, गव्हाचा भुसा यांत कर्ब प्रचंड आणि नत्र नाममात्र. शिवाय त्यातलं लाकडासारखं लिग्निन या जीवांना फुटतच नाही. गव्हाणीतलं चगळ शेणात मिसळून आत गेलं की तेही वर तरंगतं, एकमेकांत अडकतं आणि काही महिन्यांत काल्यावर जाड साय धरते. दुधावरची साय नव्हे, पाय ठेवला तर तोलेल अशी. खाली तयार झालेला गॅस तिच्यातून वर येऊ शकत नाही. ड्रमचं संयंत्र असेल तर ड्रम रोज दोन-चार वेळा गोल फिरवायचा, म्हणजे आतल्या पट्ट्या ती साय मोडतात. ज्यात ड्रमऐवजी विटांचा पक्का घुमट असतो त्या संयंत्रात ही सोय नसते. तिथं शेण कालवतानाच काड्या हातानं वेचून काढाव्या लागतात. आमच्याकडं ड्रम असला तरी आजी हे काम नातवंडांना लावायची. आम्ही कंटाळत असू, पण टाकी पंधरा वर्षं साय न धरता चालली ती त्या वेचण्यामुळं.

रोजचा हिशेब

आता थोडे आकडे. एवढे कळले की कुणीही स्वतःच्या गोठ्याचं गणित मांडू शकतो.

एक किलो ताज्या शेणापासून साधारण चाळीस लिटर गॅस मिळतो. गोठ्यात बांधलेली गाय दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण टाकते, म्हैस पंधरा. आमच्याकडं तेव्हा दोन म्हशी आणि दोन गाई होत्या, म्हणजे पन्नास किलो शेण, म्हणजे दोन हजार लिटर गॅस. यालाच दोन घनमीटरचं संयंत्र म्हणतात. स्वयंपाकाला माणशी रोज पाव घनमीटर ते थोडा जास्त गॅस लागतो, त्यामुळं सहा-सात माणसांच्या घराला हे पुरतं. एक घनमीटर गोबरगॅस जवळपास ४५० ग्रॅम एलपीजीइतकं काम करतो. महिन्याचे साठ घनमीटर धरले तर घरगुती सिलिंडरच्या हिशेबात दोनाला थोडे कमी.

पन्नास किलो शेणात तेवढंच पाणी घातलं की शंभर लिटर काला होतो. तो टाकीत साधारण चाळीस दिवस राहायला हवा, म्हणून टाकीत काल्याला चार हजार लिटर जागा लागते. उष्ण भागात तीस दिवसही चालतात, हिमालयाच्या बाजूला पंचावन्न दिवस धरतात. या हिशेबात एक गोष्ट दडलेली आहे, ती फार लोकांच्या ध्यानात येत नाही. टाकी कायम भरलेली असते. आज शंभर लिटर आत घातले की पलीकडून शंभर लिटर बाहेर पडतात. म्हणजे पाणी दुप्पट घातलं तर शेण चाळीस दिवसांऐवजी सत्तावीस दिवसांतच बाहेर पडेल, अर्धवट पचलेलं. "शेण पातळ कालवलं की गॅस जास्त येतो" असं सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नये. फार घट्टही नको, कारण मग काला सरकत नाही आणि गॅसचे बुडबुडे अडकतात. शेण आणि पाणी एकाच बादलीनं मोजा. उन्हाळ्यात शेण सुकलेलं असेल तर पाणी थोडं जास्त.

दुष्काळी भागातला माणूस इथं विचारणार, रोज पन्नास लिटर पाणी आणायचं कुठून? प्रश्न रास्त आहे. गोमूत्र आणि गोठा धुतल्याचं पाणी वापरता येतं, पण साबण-फिनेल नसलेलं. आणि हे पाणी वाया जात नाही, काल्याबरोबर शेतातच जातं. तरी जिथं पिण्याच्याच पाण्याची ओढ आहे तिथं मी गोबरगॅसचा आग्रह धरणार नाही.

थंडीत गॅस कमी होतो, हे प्रत्येक घराला माहीत असतं. या जीवांना ३५ अंशांच्या आसपासची ऊब आवडते. काला वीस अंशांखाली गेला की काम मंदावतं, दहाच्या खाली जवळपास थांबतं. आपल्याकडं जमिनीत गाडलेली टाकी इतकी थंड होत नाही, पण पौषात गॅस तिसऱ्या हिश्श्यानं कमी झाला तर घाबरायचं कारण नाही. पहाटे विहिरीच्या गार पाण्यात शेण कालवण्याऐवजी दुपारी उन्हात तापलेल्या पाण्यात कालवावं. टाकीच्या भोवती पाचटाचा किंवा उकिरड्याचा जाड थर रचला तरी ऊब टिकते. थंडीत गॅस कमी पडतो म्हणून जास्त शेण घालणं ही मात्र नेमकी उलटी गोष्ट. भूक मंदावलेल्या जनावराला आपण जास्त वैरण घालत नाही.

ड्रम की घुमट

१८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात मैल्यापासून गॅस करून दिवे लावले होते. भारतात या गॅसचा वापर केल्याची ती सुरुवातीच्या नोंदींपैकी एक. घराघरांत तो पोचायला पुढं अर्धं शतक गेलं. १९५०च्या दशकात जशभाई पटेलांनी तरंगत्या लोखंडी ड्रमचा नमुना तयार केला आणि पुढं खादी ग्रामोद्योग आयोगानं तो उचलून धरला. जुन्या वाड्या-वस्त्यांवर दिसतो तो हाच. लोखंड महागलं आणि गंजलं, म्हणून १९७८ला उत्तर प्रदेशातल्या इटावा जिल्ह्यात विटांच्या पक्क्या घुमटाचं 'जनता' संयंत्र तयार झालं. १९८४ला त्याहून कमी विटा लागणारं 'दीनबंधू' आलं. सरकारी अनुदानातून बांधलेल्यांत दीनबंधूच जास्त.

दोन्हींत निवड करायची तर माझं मत असं. ड्रममध्ये गॅस किती आहे ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं, दाब सारखा राहतो आणि बिघाड कळतो. पण ड्रमला दर वर्षी रंग द्यावा लागतो, नाहीतर गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड लोखंड खातो. फायबरचा ड्रम या कटकटीतून सोडवतो, महाग मात्र पडतो. घुमटात हलणारा भाग नाही, जमिनीखाली असल्यानं जागा अडत नाही, वीस वर्षं सहज टिकतो. पण तो गवंड्याच्या हातावर अवलंबून आहे. केसाएवढी चीर असली तरी गॅस गुपचूप निघून जातो आणि घरच्यांना वाटतं शेणच कमी पडतंय. ज्यानं पूर्वी घुमट बांधले आहेत असा गवंडी मिळाला तरच घुमट बांधावा. भारी काळ्या जमिनीत तर आणखी जपावं. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि घुमटाला पिळते. तिथं मी ड्रम किंवा हल्ली मिळणारी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीची टाकी पसंत करीन.

शेगडीबद्दल थोडंसं. गोबरगॅसमध्ये मिथेन सत्तावन्न-साठ टक्के, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. एक लिटर गोबरगॅस जळायला पावणेसहा लिटर हवा लागते, एलपीजीला पंचवीस-तीस. शिवाय आपल्या टाकीचा दाब फार कमी असतो. म्हणून सिलिंडरच्या शेगडीचं बारीक छिद्र गोबरगॅसला पुरत नाही, मोठ्या छिद्राची वेगळी शेगडी घ्यावी. जाळ पिवळा आणि लांबडा असेल तर हवा कमी आहे, शेगडीची हवेची झाकणी थोडी उघडा. जाळ फडफडत असेल तर नळीत पाणी साचलं आहे. गॅस टाकीतून निघताना ओला असतो, थंड नळीत त्याचं पाणी होतं, म्हणून नळीला सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायची तोटी हवीच. गॅस संपला म्हणून लोक तक्रार करतात त्यांतल्या कितीतरी तक्रारी ही तोटी उघडून एक तांब्या पाणी काढलं की मिटतात.

वीज करायची कल्पनाही अनेकांना मोहात पाडते. दोन घनमीटर गॅसपासून लहान जनित्रावर जेमतेम तीन युनिट मिळतील. एवढ्या गॅसवर दोन वेळचा स्वयंपाक होतो. घरगुती संयंत्राला चूलच शोभते.

गॅस नेतो काय, ठेवतो काय

मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते आता. आमच्या भागात गोबरगॅसकडं लोक चुलीच्या बाजूनं बघतात. मी तो शेताच्या बाजूनं बघायला शिकलो.

दोन घनमीटर गॅसचं वजन अडीच किलोच्या आत भरतं. शंभर किलो काला आत गेला तर साडेसत्त्याण्णव किलो बाहेर येतो. जो भाग गॅस होऊन जातो त्यात कर्ब, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि किंचित गंधक एवढंच असतं. नत्र, स्फुरद, पालाश यांतलं जवळपास सगळं टाकीतच राहतं. उलट शेणातल्या नत्राचा काही भाग पिकाला लगेच घेता येईल अशा अमोनियाच्या रूपात येतो. शेणाच्या गोवऱ्या थापून जाळल्या तर तो नत्र धुरातून जातो. उकिरड्यावर उघडं पडलं तर ऊन आणि पाऊस मिळून त्याचा वाटा नेतात. एकाच शेणातून जाळ आणि खत दोन्ही मिळण्याचा एवढा सरळ मार्ग मला तरी दुसरा माहीत नाही.

पण हा अमोनिया हातातून निसटणारा आहे. टाकीबाहेरच्या खड्ड्यात काला उन्हात वाळवला आणि मग वड्या करून शेतात नेला तर त्यातला बराचसा नत्र उडून गेलेला असतो. वाळवणं सोपं, वाहतूक सोपी, म्हणून सगळीकडं हेच चालतं. त्यापेक्षा दोन रस्ते बरे. बाग किंवा ऊस टाकीजवळ असेल तर काला पाटाच्या पाण्यातून सोडावा. यातही एक अडचण येते: घट्ट भाग पाटाच्या तोंडाशीच बसतो आणि शेवटच्या सरीपर्यंत नुसतं हिरवट पाणी पोचतं. आम्ही दर पाळीला पाटाचं तोंड बदलतो. ठिबकला सोडायचा असेल तर दोनदा गाळल्याशिवाय नाही, एका काडीनं नळी बुजते.

दुसरा रस्ता पाचटाचा. मघाशी म्हटलं पाचट टाकीत जिरत नाही, कारण त्यात नत्र नाही. काल्यात नत्र आहे. मग पाचट टाकीत घालण्याऐवजी टाकीतला काला पाचटावर घालायचा. खड्ड्यात किंवा जमिनीवर पाचटाचा वीतभर थर, वर काला, पुन्हा पाचट, असं रचून ओल राखली आणि महिन्यातून एकदा उलथलं की तीन-चार महिन्यांत काळंभोर खत होतं. त्याच्या थरांत काला जिरतो, सुकत नाही, अमोनिया पाचटातल्या जीवांच्या पोटात जातो. खोडव्याचं पाचट पेटवून द्यायची सवय अजून गेलेली नाही. ज्याच्याकडं गोबरगॅस आहे त्यानं तरी ते पेटवू नये असं मी कळकळीनं सांगतो.

शौचालय जोडावं का, हा प्रश्न घराघरात दबक्या आवाजात विचारला जातो. शास्त्र म्हणतं, जोडावं. कोकणात आप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीमुक्तीसाठी मैल्याच्या खताचं आणि स्वच्छ शौचालयांचं काम आयुष्यभर केलं. देहूमध्ये डॉ. सुहास मापुसकरांनी शौचालयाला जोडलेली बायोगॅस संयंत्रं गावात उभी करून दाखवली, आणि त्यांना २०१७ला मरणोत्तर पद्मश्री मिळाली. जाळाला वास येत नाही, अन्नाला काही लागत नाही. दोनच अटी: तिथं अ‍ॅसिड-फिनेल वापरायचं नाही, आणि अशा टाकीचा काला पालेभाजीला किंवा कच्च्या खायच्या पिकाला घालायचा नाही. सगळे रोगजंतू चाळीस दिवसांत मरतीलच याची खात्री नसते. ऊस, फळझाडं, चाऱ्याचं गवत यांना चालतो.

जिथं जीव जातो

टाकी रिकामी करायची वेळ पाच-सात वर्षांतून एकदा येते, कारण शेणाबरोबर गेलेली माती तळाशी बसते. या वेळी माणसं मरतात. दर काही महिन्यांनी पेपरात अशी बातमी असते, आणि बहुतेकदा त्यात एक नाव नसतं, तीन-चार असतात. आधी एक उतरतो, कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग शेजारी.

आत प्राणवायू जवळपास नसतो आणि हायड्रोजन सल्फाइड असतो. हा वायू थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त असला की पहिल्यांदा नाकाची वास घ्यायची ताकदच मारतो. म्हणजे "वास गेला, आता उतरायला हरकत नाही" हा अंदाज माणसाला थेट खाली नेतो. कंदील सोडून बघायची जुनी पद्धत तर आणखी भयंकर, हवेत पाच ते पंधरा टक्के मिथेन मिसळला की तो स्फोटानं पेटतो. टाकीत उतरूच नका. काला पंपानं उपसून घ्या, गाळ वरून लांब दांड्याच्या फावड्यानं किंवा गाळ ओढणाऱ्या टँकरनं काढा. कुणी पडलाच तर मागं उडी मारू नका, दोर टाका, आरडाओरडा करा, अग्निशमन दलाला बोलवा. घरातल्या पोरांना आणि कामाच्या गड्यांना हे आधीच सांगून ठेवा, त्या क्षणी कुणाला सुचत नाही.

नवी टाकी पहिल्यांदा भरल्यावरही असंच जपावं. पहिल्या गॅसमध्ये ड्रमातली हवा मिसळलेली असते. त्या पहिल्या भरलेल्या ड्रममधला गॅस मोकळ्या हवेत सोडून द्यायचा आणि काडी फक्त शेगडीजवळ ओढायची, टाकीजवळ कधीच नाही. नंतर मात्र जास्तीचा गॅस असाच सोडू नये. मिथेन वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून जास्त जोरकस आहे. गॅस उरत असेल तर शेगडीवर जनावरांचं पाणी तापवा, आंबोण शिजवा.

बांधायच्या आधी

पंचायत समितीत अनुदानाचा अर्ज भरण्याआधी आठ दिवस शेण मोजा. खरोखर पाटी काट्यावर ठेवून. जनावरं दिवसभर चरायला जात असतील तर निम्मं शेण रानात पडतं, मग चार जनावरांचं शेण दोघांइतकंच मिळतं. शिवाय पाच वर्षांनी गोठ्यात किती दावण्या भरलेल्या असतील याचा विचार घरातल्या सगळ्यांनी मिळून करावा. बंद पडलेली संयंत्रं मी पाहिली त्यांतली बहुतेक बिघडलेली नव्हती. जनावरं विकली गेली होती, किंवा रोज सकाळी शेण कालवणारी बाई थकली होती आणि तिच्या जागी कुणी उभं राहिलं नव्हतं. पंचवीस किलो मिळत असेल तर एक घनमीटरचंच बांधावं. मोठी टाकी अर्धपोटी ठेवण्यापेक्षा लहान टाकी पोटभर चालते.

आमच्याकडं आता एक म्हैस आणि दोन गाई आहेत. पस्तीस किलो शेण आणि घरचं रोजचं खरकटं, अर्ध्या किलोच्या वर नाही, हे आईनं मापाची वाटी टांगून ठरवून दिलं आहे. सकाळचा चहा, नाष्टा आणि दुपारचा स्वयंपाक गोबरगॅसवर होतो. रात्रीच्या भाकरीच्या वेळी ड्रम खाली गेलेला असतो, तेवढ्यापुरती सिलिंडरची शेगडी पेटते.